एटीव्ही धूर मारतेय, ऑइल पितेय: हाफ इंजिन करू का भंगारात घालू?

पत्र घनसावंगी तालुक्यातून आलंय, लिहिणारा पोरगा पंचविशीतला, घरची मोसंबीची बाग. दोन वर्षांपूर्वी त्यानं ११० सीसीची सेकंडहँड छोटी एटीव्ही (कच्च्या वाटेवर चालणारी चारचाकी मोटरसायकल) घेतली, चिनी बनावटीची, मागं ट्रॉली जोडून फवारणीची २०० लिटरची टाकी ओढायला आणि झाडांच्या ओळींमधनं खत न्यायला. आता ती निळा धूर सोडतेय, दर आठवड्याला ऑइल टाकावं लागतंय, चढावर दम राहिला नाही, सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसायला येते तेव्हा कुठं सुरू होते. गावातला मिस्त्री म्हणतो अख्खं इंजिन बदल, १४ हजार दे. मित्र म्हणतो नुसत्या रिंगा टाक, हजारात काम होतंय. वडील म्हणतात भंगारात घाल. पोराचा प्रश्न: “काका, ट्रॅक्टरची किरकोळ कामं मीच करतो, तर ह्याचं हाफ इंजिन घरी जमेल का, आणि कुठले पार्ट मागवू ते लिहून द्या.”

जमेल, शंभर टक्के जमेल. हाफ इंजिन म्हणजे खालचा क्रँक न खोलता सिलेंडर, पिस्टन, रिंगा आणि हेडचं काम. पण पार्टची यादी आज देणार नाही, राग मानू नको. कारण तुझं इंजिन अजून कोणी मोजलेलंच नाही, मिस्त्रीनं धूर बघून भाव सांगितला, मित्रानंही धूर बघूनच सांगितला, आणि निळ्या धुरावरनं फक्त एवढं कळतं की आत ऑइल जळतंय. ते पिस्टनच्या रिंगांमधनं वर येतंय का व्हॉल्व्हच्या सीलमधनं खाली उतरतंय हे धूर सांगत नाही, निदान पूर्ण सांगत नाही. थोडा अंदाज येतो: रात्रभर उभ्या गाडीला सेल्फ मारल्यावर एक भपका येऊन धूर कमी होत असेल, किंवा उतारावर रेस सोडून परत दिली की धूर येत असेल, तर सील आणि गाइडवर (व्हॉल्व्हची दांडी जिच्यात सरकते ती नळी) संशय घ्यायचा, आणि टाकी ओढताना सतत निघत असेल तर रिंगा आणि बोअरवर, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भोकावर. तुझं वर्णन दुसऱ्यासारखं आहे. तरी अंदाजावर पैसे घालू नको.

आणि हे सगळं करायच्या आधी एक पांढरं सुती फडकं घे. एअर फिल्टर आणि कार्बोरेटरच्या मधला रबरी पाइप काढ आणि त्याच्या आतनं बोटावर फडकं गुंडाळून फिरव. बोटाला करकर लागली, फडक्यावर माती आली, तर इंजिन कशानं गेलं ते तुला तिथंच कळलं. आपल्याकडं मार्चपासून पाऊस पडेपर्यंत काळी माती वाळून पिठासारखी होते, पुढच्या चाकांनी उडवलेली सगळी धूळ बसक्या गाडीच्या इंजिनभोवतीच फिरते, आणि ह्या गाड्यांना बहुतेक वेळा मागच्या मालकानं जाळीचा उघडा फिल्टर लावलेला असतो नाहीतर आतला स्पंज कोरडा ठणठणीत असतो. त्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात, ते ऑइलमध्ये मिसळले की सिलेंडरच्या भिंतीवर पॉलिश पेपरचं काम करतात, आधी वरची रिंग जाते, मग बोअर वरच्या बाजूला मोठं होतं, व्हॉल्व्हच्या गाइडही झिजतात. आपल्याकडच्या शेतात ह्या छोट्या इंजिनांचं सगळ्यात जास्त नुकसान धूळ करते असं माझं ठाम मत आहे. म्हणून सांगतो, धुळीची वाट बंद केल्याशिवाय तू कितीही भारी बोअर किट टाकलं तरी पुढच्या फवारणीपर्यंत परत हाच धूर बघशील आणि दोष पार्टला देशील. तो रबरी पाइप बोटांनी दाबून, वाकवून बघ, चीर असेल तर नवीन घे, चिकटपट्टी मारू नको. स्पंज रॉकेलमध्ये नाहीतर साबणाच्या पाण्यात धुवायचा, पेट्रोलमध्ये नको, आगीची भीती आणि चिकटवलेले जोडही सुटतात. पूर्ण वाळला की फिल्टर ऑइलमध्ये भिजवून दाबून पिळायचा, पिरगाळायचा नाही, आणि बॉक्सला जिथं टेकतो त्या कडेला ग्रीसची पातळ रेघ ओढायची. फवारणीच्या दिवसांत हे रोज संध्याकाळी बघायचं काम आहे.

आता तपासणी. तुझ्या क्रँककेसवर (इंजिनाचा खालचा खोका) डाव्या बाजूला खाली एक कोड ठोकलेला असेल, बहुतेक १५२एफएमएच असाच काहीतरी. त्यातला पहिला १ म्हणजे एक सिलेंडर आणि पुढचे ५२ म्हणजे बोअर, मिलिमीटरमध्ये. ह्या ११० सीसीच्या आडव्या इंजिनांचं बोअर सहसा ५२.४ आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ४९.५ एमएम असतो. आपल्या स्प्लेंडरचा स्ट्रोकही ४९.५ च आहे, बोअर तेवढं ५०. दोघांचं मूळ होंडाच्या जुन्या आडव्या सिलेंडरच्या इंजिनात आहे, त्यामुळं ज्यानं आयुष्यभर स्प्लेंडरचं हाफ इंजिन केलंय असा मिस्त्री हे इंजिन बघताक्षणी ओळखेल, टायमिंग चेन डाव्या अंगाला, हेडवर टॅपेटच्या दोन गोल टोप्या, सगळं ओळखीचं. तर अंबडला म्हण, जालन्याला म्हण, असा माणूस शोधून ठेव, अडलास तर त्याला विचारायचं. फक्त स्प्लेंडरचं पिस्टन बसेल असं कोणी म्हणालं तर ऐकू नको, मापच वेगळं आहे.

पहिल्यांदा इंजिन थंड असताना टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या आर्ममधली फट, बघ. ह्या इंजिनांना दोन्ही व्हॉल्व्हला सहसा ०.०५ एमएम गॅप असतो, फिलर गेजची (फट मोजायच्या पट्ट्यांचा संच) अगदी पातळ पट्टी. व्हॉल्व्ह टाइट झालेला असेल तर तो पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन पडतं, सकाळी सुरू व्हायला त्रास देतं, आणि माणूस रिंगांना शिव्या देत बसतो. टॅपेट सेट केल्यावर गाडी गरम कर, बॅटरी फुल चार्ज ठेव, प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लाव, रेस पूर्ण उघडी धर आणि सेल्फ मार. प्लगचा आटा १० एमएमचा आहे, मोठ्या गाड्यांच्या गेजचं तोंड तिथं बसत नाही, १० एमएमचा अडॅप्टर मागून घे. १५० पीएसआयच्या आसपास आला तर तुझ्या रिंगांना बहुतेक काही झालेलं नाही. १०० च्या खाली असेल तर खोलायचंच.

लोक सांगतील की प्लगच्या भोकातनं चमचाभर ऑइल टाक आणि परत मोज, वाढलं तर रिंगा गेल्या समज. उभ्या सिलेंडरला हे ठीक आहे, तुझा सिलेंडर जवळपास आडवा झोपलेला आहे, ऑइल खालच्या बाजूला साचतं आणि वरची बाजू कोरडी राहते, आकडा फसवतो. त्यापेक्षा पंक्चरवाल्याकडं जा. जुन्या प्लगची चिनीमाती फोडून त्याला हवेचा नोजल वेल्ड करून घे, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना सगळ्यात वरच्या टोकाला, आण (दोन्ही टॅपेट सैल असले पाहिजेत) आणि दोन-तीन किलोच्या वर नको अशी हवा सोड. मॅग्नेटच्या (क्रँकच्या टोकाला बसवलेलं चाक) नटावर पाना अडकवून ठेवू नको, क्रँक फिरला तर पाना हातावर येतो. मग नुसतं ऐकायचं. कार्बोरेटरमधनं फुस्स आलं तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधनं आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, आणि ऑइल टाकायच्या भोकातनं वारा आला तर रिंगा नाहीतर बोअर. थोडी हवा सगळ्याच इंजिनांत रिंगांजवळनं जाते, त्याला घाबरू नको. दहा मिनिटांची ही तपासणी तुला मिस्त्री आणि मित्र दोघांपेक्षा खरं सांगेल.

खोलायचं ठरलं तर आधी गाडी धुवून घे, फिनांमधला चिखल काढ, प्लगच्या खड्ड्यात हवा मार, नाहीतर बाहेरची माती तूच आत टाकशील. मॅग्नेटवरची टी खूण आणि कॅमच्या स्प्रॉकेटवरची गोल खूण हेडच्या खाचेला जुळवून मगच स्प्रॉकेट सोड, फोटो काढ, आणि चेनला तार बांधून ठेव, आत पडली तर ती काढायला अर्धा दिवस जातो. हेडचे चार मोठे नट काढल्यावर हेड हलत नाही म्हणून लगेच पेचकस घालून उचकटू नको. डाव्या बाजूला हेडचा आणि सिलेंडरचा असे बारके बोल्ट असतात, चेनच्या रोलरचाही एक बोल्ट सिलेंडरमधनं गेलेला असतो, तो राहून जातो आणि लोक फिना तोडून बसतात. नट काढताना कुठला बंद तोंडाचा होता, कुठला उघडा आणि तांब्याचा वायसर कुठल्या स्टडवर होता हे बघून ठेव, त्या स्टडच्या बाजूनं ऑइल हेडला वर जातं, वायसर चुकला की तिथनं गळती. सिलेंडर निघाला की क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ कापड कोंब आणि मगच पिस्टनचं लॉक काढ, कारण ते लॉक उडून बरोबर आत जातं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, ह्याच्यावर तुझा पूर्ण खर्च ठरतो. पिस्टन काढला की कनेक्टिंग रॉड दोन्ही हातांनी धरून टीडीसीवर सरळ वर-खाली ओढून बघ. डावी-उजवीकडं थोडा हलतो, ते चालतं. वर-खाली जरा जरी टकटक लागली तर खालचं बेअरिंग गेलंय, मग हाफ इंजिनवर रुपया घालू नको. वर नवीन घट्ट बोअर बसवलं की सगळा जोर त्याच ढिल्या बेअरिंगवर येतो आणि थोड्याच दिवसांत आवाज करून बंद पडतं. ऑइलमध्ये चमचमती धातूची पूड निघाली तरी हीच शंका घ्यायची. तसं असेल तर तुझा मिस्त्री बरोबर म्हणतोय आणि १४ हजारांचा विचार कर. रॉड घट्ट असेल तर मिस्त्रीला नम्रपणे नको म्हण.

मापं. बोअर तीन ठिकाणी मोजायचं, वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. हे घरी होत नाही, बोअर गेजवाल्या लेथवर जा. तुला जालना जवळ आहे, नाहीतर वाळूज, १९८५ ला तिथं बजाजचा कारखाना सुरू झाला तेव्हापासून आजूबाजूला बारीक माप धरणारी वर्कशॉपं वाढत गेली, एमआयडीसीत चौकशी केलीस की मोटरसायकलचं बोअरिंग (सिलेंडर मोठ्या मापाला कापणं) आणि होनिंग (दगडानं आतली भिंत बारीक घासणं) करणारा सापडतो. पिस्टन आणि बोअरमधला फरक नवीन असताना ०.०२ ते ०.०४ एमएम असतो, ०.१० झाला की संपलं. घरी एक माप तू काढू शकतोस: वरची रिंग एकटीच सिलेंडरमध्ये घाल, पिस्टनच्या डोक्यानं सरळ इंचभर खाली ढकल आणि तिच्या तोंडाचा गॅप फिलर गेजनं बघ, नव्याला ०.१० ते ०.२५ एमएम असतो, अर्धा एमएम झाला तर रिंग गेली. सिलेंडरच्या वरच्या कडेजवळ नख फिरव, पायरी लागली तर बोअरही गेलंय, तिथं मित्राचा सल्ला लागू पडत नाही, झिजलेल्या बोअरमध्ये नवीन रिंगा टाकल्या की थोडे दिवस बरं वाटतं आणि परत जैसे थे. बोअर मापात असेल, पायरी नसेल, तरच रिंगा आणि हलकं होनिंग.

बोअर गेलं असेल तर दोन रस्ते. ओव्हरसाइज पिस्टन मिळाला तर (०.२५, ०.५० असे वाढत्या मापाचे असतात) आधी पिस्टन हातात घे आणि तोच लेथवाल्याला दे, पिस्टन मोजून त्याच्यावर बोअर करायचं, उलटं करू नको. पण चिनी इंजिनांचे ओव्हरसाइज पिस्टन आपल्याकडं सहजासहजी मिळत नाहीत, मग सिलेंडर, पिस्टन, रिंगा, पिन, लॉक असं अख्खं किट मागवणं बरं पडतं, बऱ्याचदा स्वस्तही पडतं. मागवताना कोड, बोअर, पिस्टन पिनचा व्यास आणि सिलेंडरची उंची चारही सांग, ११० आणि १२५ चे सिलेंडर वरनं सारखे दिसतात आणि आल्यावर बसत नाहीत. बोअरिंग करणार असशील तर आतल्या भिंतीला लोहचुंबक लावून बघ, चिकटलं म्हणजे बिडाची स्लीव्ह आहे, बोअरिंग होतं.

हेड खोललंच आहेस तर व्हॉल्व्ह सोडू नको. हेड उलटं करून दोन्ही पोर्टमध्ये थोडं थोडं पेट्रोल ओत आणि पाच मिनिटं थांब, व्हॉल्व्हच्या कडेनं पाझरलं तर लॅपिंग पेस्टनं घासून घ्यायचे, सीटवर सगळीकडं सारखी राखाडी रेघ आली पाहिजे. व्हॉल्व्ह अर्धा उघडून हलवून बघ, खळखळ हलत असेल तर गाइड गेल्या, ते काम लेथवाल्याचं. सील मात्र नवीनच टाकायचे, जुने चांगले दिसले तरी. पॅकिंग, ओरिंग, पिस्टनचे लॉक, हेही नवीन. जुनं पॅकिंग सिलिकॉन लावून वापरतात काही जण, हेडला तर अजिबात नको, ते सिलिकॉन सुटून ऑइलची बारीक वाट बुजवतं.

होनिंग किंवा बोअरिंग झालं की सिलेंडर कसा धुतो ह्यावर नवीन रिंगांचं आयुष्य आहे, आणि इथं बहुतेक जण पेट्रोलचा फटका मारून मोकळे होतात. पेट्रोलनं ऑइल निघतं, घासणीच्या दगडाची पूड तशीच राहते. गरम पाणी, भांडी घासायचा साबण आणि ब्रश घेऊन धू, परत धू, पांढरं फडकं आतनं फिरवल्यावर पांढरंच बाहेर येईपर्यंत. मग लगेच पुसून ऑइल लाव, नाहीतर बिडाला डोळ्यादेखत गंज चढतो. लॅपिंग पेस्टचंही तसंच.

बसवताना पिस्टनवर इन लिहिलेली बाजू वर कार्बोरेटरकडं येते. रिंगांवर बारीक अक्षर असतं ते वरच्या, म्हणजे हेडच्या बाजूला, आणि तिन्हींची तोंडं एका रेषेत नको, फिरवून लांब लांब ठेव. सिलेंडर चढवताना जोर लावायचा नाही, अडकला की थांबायचं, रिंग बाहेर आलेली असते, ढकललास तर मोडते. हेडचे नट समोरासमोर, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानं. ६ एमएमच्या स्टडला १० ते १२ न्यूटन मीटर पुरतात, ट्रॅक्टरवर काम करून तुझा हात जड झालेला असणार म्हणून मुद्दाम लिहितो, टॉर्क पाना भाड्यानं आण पण आण, क्रँककेसमधला आटा निघाला तर घरचं काम परत लेथवर जातं. खुणा जुळवून चेन चढवलीस की प्लग न लावता मॅग्नेटचा नट पान्यानं डावीकडं सावकाश चार-पाच वेळा फिरव, कुठं अडलं तर टायमिंग चुकलंय, सेल्फ मारू नको.

ऑइल २०डब्ल्यू-४० किंवा १०डब्ल्यू-३०, डब्यावर जासो एमए लिहिलेलं, म्हणजे मोटरसायकलचं, कारण ह्याचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलनं तो घसरू शकतो. सुरू केल्याबरोबर टॅपेटची एक टोपी सैल करून वर ऑइल येतंय का बघ, मिनिटभरात आलं नाही तर बंद कर. नुसती उभी ठेवून तासभर धुमसू देऊ नको, रिंगा बसायला थोडा भार लागतो, रेस कमी-जास्त करत मोकळी गाडी बांधाबांधानं फिरव, पूर्ण रेस नको. अर्ध्या तासानं पहिलं ऑइल काढून टाक, त्यात पूड दिसेल, नव्या कामानंतरच्या ह्या पुडीला घाबरायचं नाही. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर टॅपेट परत बघ, आणि आठ-दहा तास चालली की पुन्हा ऑइल बदल.

टाकीचं बोलायचं राहिलं. २०० लिटर म्हणजे नुसतं पाणीच २०० किलो, वर टाकी आणि ट्रॉली, हे गाडीच्या स्वतःच्या वजनाहून जास्त होतं. तुझं इंजिन हवेवर थंड होतं, त्याला पंखा नाही, आणि मे महिन्यात ४० च्या वरच्या उन्हात पहिल्या गिअरमध्ये रांगत ओढताना हवा मिळतच नाही. १०० लिटरची टाकी लाव आणि दोन खेपा कर, फवारणी तशीही सकाळ-संध्याकाळच बरी.

वडलांना सांग की रॉड तपासेपर्यंत चार दिवस थांबा. रॉड घट्ट निघाला तर ती गाडी भंगारात जायच्या लायकीची नाही. फडक्यावर माती आली का, कॉम्प्रेशन किती आलं, हवा कुठनं निघाली आणि क्रँककेसवरचा कोड, एवढं लिहून पाठव, मग पार्टची यादी मी एका दिवसात देतो.